आधी बाक हलवा

झाडांची दुखणी : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की, घरच्या कुंडीतल्या जास्वंदीला थोडी विश्रांती देऊ; टेकडी, गावराई, देवराई अशा सगळ्यांच्या मालकीच्या रानातल्या आजारी झाडांबद्दल लिहा. पत्रं भरपूर आली. बहुतेकांचा सूर एकच होता, 'औषध सांगा'. ते यावेळी फारसं मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न : आम्ही पुण्यात टेकडीवर रोज सकाळी जाणारे चाळीसेक लोक. पंधरा वर्षं रोपं लावतोय, उन्हाळ्यात कॅन वाहून पाणी घालतोय. पायवाटेच्या कडेला गुलमोहरांची जुनी रांग आहे, अकरा झाडं. त्यांतल्या तिघांच्या बुंध्याशी या पावसाळ्यात लालसर तपकिरी, वॉर्निश मारल्यासारखी चकचकीत छत्री उगवली आहे. पानं मात्र हिरवीगार. गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, रोग पसरायच्या आत सगळी रांग काढा. दुसरा म्हणतो, एका फांदीला हात लावू देणार नाही. ट्रायकोडर्मा घाला, बोर्डो लावा, हिंगाचं पाणी द्या. रांगेखाली दोन बाक आहेत, तिथे ज्येष्ठ मंडळी प्राणायाम करतात. काही फोटो सोबत जोडले आहेत. ताई, निवाडा करा.
— टेकडीवरचा एक गट, पुणे

उत्तर : बाक आज संध्याकाळीच हलवा. पुढचं उत्तर नाही वाचलंत तरी चालेल.

आता छत्रीबद्दल. वर्णनावरून आणि फोटोंवरून ही गॅनोडर्मा नावाची बुरशी दिसते. नारळ-सुपारीवाल्यांना हे नाव चांगलं माहीत असतं. छत्रीची वाढती कड पांढरट पिवळी असते. खालची बाजू पांढरी, आणि तिथे नखाने रेघ ओढली तर तपकिरी उमटते. भोवतीच्या गवतावर, दगडांवर कोको सांडल्यासारखी पूड दिसली तर ते तिचे बीजाणू. पण छत्री म्हणजे बुरशी नव्हे, बुरशीचं फळ. आंब्याचं झाड जसं काही वर्षं वाढतं आणि मग मोहोर धरतं, तशी ही बुरशी आधी काही वर्षं मुळांत नि बुंध्यात लाकूड खात बसते आणि पोट भरलं की बाहेर छत्री काढते. म्हणजे तुम्हाला रोगाची सुरुवात दिसलेली नाही, बरंच पुढचं प्रकरण दिसलेलं आहे.

'पण पानं हिरवी आहेत' असं तुम्ही अधोरेखित करून लिहिलंय. पानांना पाणी पोचवणारं लाकूड सालीच्या लगेच आत, खोडाच्या बाहेरच्या कड्यांत असतं. ही बुरशी आधी मधला गाभा आणि जमिनीखालची जाड मुळं धरते, त्यातही मुळांची खालची बाजू. झाडाचं खाणंपिणं व्यवस्थित चालू, कणा मात्र गेलेला. फुलंही धरतं बिचारं.

हे मी पुस्तकात वाचून शिकले असते तर बरं झालं असतं. मी वनस्पतिरोगशास्त्र शिकवायची, पण पिकांचं : द्राक्षाचा केवडा, कांद्याचा करपा, डाळिंबाचा तेल्या. नव्वदच्या दशकात आमच्या आवारात सायकल स्टँडशेजारी एक गुलमोहर होता, त्याच्या बुंध्याशी अशीच छत्री आली. 'मॅडम, बघा जरा' म्हणून मला बोलावलं. मी ती छत्री चपलेने ठोकून पाडली, त्या जागी बोर्डो पेस्ट फासली आणि रजिस्टरमध्ये 'उपचार केला, धोका नाही' असं लिहून खाली सही केली. त्या जुलैत एका रात्री, वारा नाही, वादळ नाही, नुसती झिमझिम चालू असताना झाड आडवं झालं. बावीस सायकली चेपल्या. रात्रीचे दोन वाजले होते म्हणून नुसत्या सायकलीच. सकाळी मी उपटलेल्या मुळांत बोट घातलं तर ते पेरापर्यंत आत गेलं. चहात बुडवून विसरलेल्या पावासारखं लाकूड, पांढरट, तंतू तंतू झालेलं. हाताएवढी जाड मुळं बुंध्यापाशी कडाकडा मोडली नव्हती, सुटून आली होती. वरच्या फांद्यांवर मात्र शेंगा.

त्या दिवसापासून माझा प्रश्नांचा क्रम बदलला. पिकात आपण विचारतो, रोग कोणता, औषध कोणतं, उतारा किती वाचेल. टेकडीवरच्या झाडाला उतारा नाही, बाजारभाव नाही, ते 'बरं' झालंच पाहिजे असंही नाही. तिथे पहिला प्रश्न, हे पडलं तर कोणाच्या अंगावर पडेल? उत्तर 'कोणाच्याच नाही' असेल तर झाडाला त्याच्या गतीने मरू द्या. रानात झाडं मरतातच.

म्हणून तुमच्या तीन झाडांची उंची अदमासे मोजा आणि दीडपट अंतराचं वर्तुळ डोळ्यांसमोर आणा. झाड दहा मीटर असेल तर पंधरा मीटर. त्या वर्तुळातून पायवाट जाते का? जात असेल तर आधी बघा, वाट वळवता येईल का. टेकडीवरच्या वाटा काही देवाने आखलेल्या नसतात. चार दगड मांडून काटेरी फांद्या आडव्या टाकल्या की महिन्याभरात नवी वाट मळते. वाट वळली, बाक गेले, की तिथे करवतीचं काम उरत नाही. एका बाजूला कडा नि दुसरीकडे कुंपण असल्याने वाट वळवताच येत नसेल, तर मात्र ती तीन झाडं उतरवावी लागतील. तीन, अकरा नव्हे.

उतरवताना जमिनीलगत कापायची गरज नाही. फांद्या आणि शेंडा काढून आठ-दहा फुटांचा ठोकळा उभा ठेवायला सांगा. वरचं ओझं गेलं की तो सहसा लगेच पडत नाही, आणि पडला तरी पोच कमी. तरी मुळं किती गेलीत ते कापणाऱ्याने आधी बघितलं पाहिजे, आणि ठोकळ्याभोवतीही तेवढं अंतर मोकळंच ठेवायचं. अशा वाळक्या ठोकळ्यात तांबट पक्षी भोक पाडतो. तो सोडून गेला की त्या भोकांत साळुंकी, पोपट, पिंगळा भाड्याने राहायला येतात. टेकडीवर धनेश दिसतो म्हणून तुम्ही सगळे मोबाईल काढून धावता ना? त्याच्या मादीला स्वतःला लिंपून घ्यायला ढोली लागते, आणि ढोली तरण्याताठ्या निरोगी झाडात सापडत नाही.

उरलेल्या आठ झाडांचं काय? ती नीट बघा. माझ्याकडे आजीचं कपडे धुवायचं धोपाटणं आहे, तेच माझं यंत्र. बुंध्याभोवती फिरत, वीत-वीत अंतरावर ठोकत जायचं. भरीव लाकूड 'टक्' वाजतं, पोकळ असेल तर पिकलेल्या फणसावर टिचकी मारल्यासारखा 'डब्' आवाज येतो. लोक हसतात, हसू द्या. पण मुळांचं दुखणं धोपाटण्याला कळत नाही, त्यासाठी जमीन बघावी लागते. झाड एका अंगाला कलतंय का, कलत्याच्या उलट बाजूला माती फुगून भेग पडलीय का? कलणं जुनं असेल तर शेंडा पुन्हा सरळ वर गेलेला दिसतो. ते झाड सावरलेलं असतं. शेंडाही कललेलाच असेल आणि भेग ताजी असेल तर तिथे उभं राहून चर्चा करू नका. ही पाहणी वर्षातून दोनदा, एकदा वळवाच्या आधी एप्रिलमध्ये आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर. आपल्याकडे झाडं पडतात ती बहुतेक याच दिवसांत. माती भिजून सैल झालेली असते आणि पानोरा पाण्याने जड.

आता दोन्ही तटांना थोडं थोडं.

औषधवाल्यांना : ट्रायकोडर्मा चांगली बुरशी आहे, मी स्वतः शेणखतात मिसळून शेकडो किलो वापरायला लावली आहे. पण ती मातीत काम करते. गुलमोहराच्या गाभ्यात शिरून गॅनोडर्माला हाकलून देईल ही आशा सोडा. फार तर शेजारच्या निरोगी झाडांच्या मुळांभोवती निंबोळी पेंडीबरोबर घाला. बोर्डो पेस्ट, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी, बागायतदाराच्या कामाची. जंगली झाडाची फांदी नीट, कॉलर (फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर घेर) राखून कापली तर झाड स्वतःच आतून भिंत बांधतं आणि किडलेला भाग वेगळा पाडतं. अमेरिकेच्या वनखात्यात अॅलेक्स शायगो नावाच्या गृहस्थाने हजारो खोडं उभी चिरून हे दाखवून दिलं. आपण वरून फासलेल्या रंगाचं झाडाला काही सोयरसुतक नसतं. आणि हिंग? मला तर झाड मारायला हिंग घालतात असं छातीठोकपणे सांगणारेही भेटलेत. दोन्ही पक्षांनी हिंग वरणासाठी ठेवावा.

करवतवाल्यांना : हा रोग फ्लूसारखा हवेतून उठून रांगभर लागत नाही. तो एका झाडाच्या मुळाला दुसऱ्याचं मूळ लागतं तिथून सरकतो, नाहीतर बीजाणू जखमेवर बसला तर शिरतो. मुळांची वाट तोडायची असेल तर आजारी आणि निरोगी झाडाच्या मधोमध दोन-तीन फूट खोल चर घ्या. मात्र निरोगी झाडाच्या बुंध्यापासून लांब, नाहीतर चरानेच त्याची मुळं तुटतील. चर घेतलेलं कुदळ-फावडं दुसऱ्या झाडापाशी नेण्याआधी धुऊन स्पिरिटने पुसा.

आणि जखमा कोण करतं? हे थोडं कडू लागेल. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत प्रत्येक गुलमोहराभोवती छान गोल आळं केलेलं दिसतंय, आणि आळ्याची माती बुंध्याला हातभर चढवलेली. साल ही हवेत राहायची वस्तू आहे. ती वर्षानुवर्षं ओल्या मातीत दाबून ठेवली की कुजते आणि बुरशीला दार उघडं मिळतं. शिवाय मोठ्या झाडाच्या पायाशी नवीन रोपासाठी मारलेली कुदळ, गवत कापायच्या यंत्राची दोरी, आणि उन्हाळ्यात लागणारे वणवे. एकदा बुंधा होरपळला की त्या बाजूची साल दोन-तीन वर्षांत सुटते. तेव्हा या रविवारी श्रमदानाचा कार्यक्रम असा ठेवा : कोणीही काहीही लावायचं नाही, फक्त खोडांवरची माती हाताने उतरवायची, मुळं जिथे पसरायला लागतात तो घेर उघडा पडेपर्यंत. मोठ्या झाडांना कॅनने पाणी घालणंही बंद. त्यांना त्याची गरज नाही, तुम्हाला आहे.

परवानगी. टेकडी कोणाची, ते आधी शोधा. वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज. महापालिकेची असेल तर वृक्ष प्राधिकरणाकडे. 1975 चा झाडे तोडण्यावर नियंत्रण आणणारा कायदा लागतो. वाळलेलं, किडलेलं झाड आहे म्हणून आपणच कापलं तर चालतं, हा समज चुकीचा. त्यालाही परवानगी लागते, फक्त अशा कारणांना कायदा अनुकूल आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरतात आणि त्याची छाननी जास्त होते, म्हणून अर्जात अंदाजे वय लिहा. छत्रीचे, भेगेचे, बाकाचे तारखेसह फोटो जोडा. आणि अर्जाची पोच घ्या, नुसतं 'साहेबांच्या कानावर घातलंय' नको.

रिकाम्या जागी पुन्हा गुलमोहर लावू नका. मूळचा मादागास्करचा, उथळ मुळांचा, आणि एकाच जातीची रांग म्हणजे रोगाला जेवणाची पंगत. त्या उतारावर धावडा, मोई, मेडशिंगी, सालई ही तुमच्याच टेकडीची मंडळी, तीही एका ओळीत नाही.

प्रश्न : मेळघाटात सहलीला गेलो होतो. उतारावर एक झाड पांढरंफटक, साल कागदासारखी सुटलेली, मार्च महिना तरी अंगावर एक पान नाही. आसपास अशी बरीच होती. हा कुठला रोग? वनखातं लक्ष देत नाही का?
— शिक्षक, अमरावती

उत्तर : वनखात्याला माफ करा. ते कांडोळ आहे, काही भागात त्याला 'भुत्या' म्हणतात, आणि चांदण्या रात्री बघितलंत तर का म्हणतात ते कळेल. साल सोलून निघणं हा त्याचा स्वभाव, आणि उन्हाळ्यात निष्पर्ण होणं हा शहाणपणा. पुन्हा जाल तेव्हा फांद्यांच्या टोकाला बघा, लाल मखमली, चांदणीसारखी फळं असतील. हात लावू नका, त्यांची लव टोचते. याला दुखणं आणतो तो माणूस. डिंकासाठी खोल, जास्त नि पुन्हा पुन्हा घाव घातले की झाड खंगतं. तसे कुऱ्हाडीचे घाव दिसले असतील तर मात्र वनरक्षकाला जरूर सांगा.

झाड मेलंय की झोपलंय हे कळायला बारीक फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झोपलंय. श्रमदानाच्या उत्साहात फेब्रुवारीत 'वाळलेली झाडं' काढताना चांगले पांगारे आणि सालया कापलेल्या मी पाहिल्यात. कुऱ्हाडीला पाझर फुटला तेव्हा मंडळी थांबली.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला राहते. आमच्या गावाला लागून लोकांनी मिळून सांभाळलेलं छोटं रान आहे, मी शनिवारी तिथे स्वयंसेवक म्हणून जाते. यंदा शेकडो ॲश झाडांवर नारिंगी ठिपके मारलेत, थंडीत कापणार म्हणे. पैकी कितीतरी झाडं अजून जिवंत आहेत. आपल्याकडे चिपको झालं आणि मी इथे कापणाऱ्यांना चहा करून द्यायचा का?
— एक वाचक, यॉर्कशायर

उत्तर : चहा करून द्या, त्यांना थंडीत लागेल. पण ठिपके मारताना बरोबर फिरा.

तुमच्याकडे जे चाललंय त्याला 'ॲश डायबॅक' म्हणतात. बुरशी मूळची पूर्व आशियातली. तिथल्या ॲशच्या जातींना ती फारसा त्रास देत नाही, युरोपातल्या ॲशचा मात्र तिच्याशी कधी परिचयच नव्हता. पोलंडमध्ये 1992 च्या सुमारास झाडं शेंड्यापासून वाळायला लागली, आणि ब्रिटनमध्ये ती 2012 मध्ये सापडली. गळलेल्या पानांच्या देठांवर ती हिवाळा काढते, आणि उन्हाळ्यात त्याच देठांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवून बीजाणू वाऱ्यावर सोडतात. तिकडे मुलीकडे आले होते तेव्हा मी तिच्या घरामागच्या रानात गुडघ्यावर बसून असे देठ पालथे करून बघितले. जावयाला वाटलं सासूबाईंची अंगठी हरवली.

इथे औषध नाही, आणि रानभर फवारणी तर विचारूच नका. तरी जिवंत झाडं का कापतात, याचं कारण लाकूड. आजारी ॲशचं लाकूड फार लवकर ठिसूळ होतं. दोर लावून वर चढणारा माणूस ज्या फांदीवर भरवसा ठेवतो तीच काडीसारखी मोडते. त्यामुळे झाड पूर्ण मरेपर्यंत थांबलं तर ते उतरवणंच जिवावरचं काम होतं. वाटेकडेची झाडं थोडी आधी काढतात ती यासाठी. ज्या लाकडाचे क्रिकेटचे स्टंप होतात, त्याची ही गत.

पण वाटेपासून लांब, रानाच्या आतल्या झाडांवरही सरसकट ठिपके असतील तर जरूर विचारा, 'ही का?' थोड्या ॲश झाडांत या रोगाला तोंड देण्याची ताकद असते, आणि त्यांच्याच बियांतून पुढचं रान उभं राहणार आहे. अशी झाडं हिवाळ्यात ओळखता येत नाहीत, कारण सगळीच उघडी. ती जुलै-ऑगस्टमध्ये, पानोरा भरात असताना बघायची. पुढच्या उन्हाळ्यात हिरव्या रिबिनी घेऊन फिरा आणि ज्यांचा माथा भरगच्च आहे त्यांना बांधा. ढोलीवाल्या झाडांत वटवाघळं आहेत का तेही कापण्याआधी बघायला लावा. तिथे त्यांना कायद्याचं कडक संरक्षण आहे. आणि रानातून निघताना बुटांना चिकटलेला पालापाचोळा तिथेच झटका.

चिपको इथे बसत नाही. तिथे झाडं निरोगी होती आणि कुऱ्हाड बाहेरून आली होती.

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेमागे वीस-पंचवीस झाडांची राई आहे, जुने आंबे आणि करंज. सगळ्यांवर बांडगूळ माजलंय. तरुण मंडळ म्हणतंय, शिडी लावून सगळं साफ करतो. करू द्यावं का?
— माजी सरपंच, सातारा जिल्हा

उत्तर : तरुण मंडळ स्वतःहून शिडी लावतंय म्हणजे गाव चांगलं आहे. पण 'सगळं' नको.

बांडगूळ स्वतःचं अन्न स्वतः करतं, त्याची पानं हिरवी आहेत. चोरतं ते पाणी आणि क्षार. एक-दोन झुबके असले तर मोठ्या आंब्याला काही फरक पडत नाही. झाडाचा निम्म्याहून जास्त पसारा बांडगुळाचा झाला, पलीकडच्या फांद्या वाळायला लागल्या, की मात्र काढावं. काढताना नुसता झुबका ओरबाडू नका, तो पुन्हा फुटतो. त्याची मुळी फांदीच्या लाकडात आत शिरून पसरलेली असते, म्हणून जिथे चिकटलंय तिथून फूट-दीड फूट मागे, बुंध्याच्या बाजूला, फांदीच कापायची. ते मुख्य खोडावरच असेल तर राहू द्या, खोड कापून बांडगूळ काढण्यात काय अर्थ? आणि फळं पिकायच्या आधी काढा. त्याचं फळ फुलटोच्या नावाचा चिमणीहून लहान पक्षी खातो. बी इतकी चिकट की ती त्याच्या बुडाला लोंबते, आणि ती सोडवायला तो फांदीवर ढुंगण घासतो. झाली पेरणी. शाळेतल्या मुलांना हे दाखवा, विज्ञानाचा तास रंगेल.

दोन-तीन झाडांवरचं बांडगूळ मुद्दाम ठेवा. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू, पंखाच्या खाली पिवळं नि लाल, बघितलं असेल. ते बांडगुळाच्या पानांवर अंडी घालतं, आणि अळ्या तीच पानं खाऊन बांडगूळ थोडं आटोक्यातही ठेवतात.

एक सूचना, शिडी एकट्याने चढू नये आणि करंजाच्या वाळक्या फांदीवर पाय देऊ नये. मंडळाच्या अध्यक्षाला हे वाक्य वाचून दाखवा.

प्रश्न : आमच्या देवराईत पुरातन आंबा आहे, चार माणसांच्या कवेत न मावणारा. बुंध्याला भोकं पडलीत, भुसा गळतो, एक मोठी फांदी वाळली. तालुक्याचा एक ठेकेदार आला होता. म्हणाला, हा आंबा आणि 'लागण झालेली' आणखी सात झाडं तो स्वखर्चाने काढील, वर देवळाच्या सभामंडपासाठी पैसे देईल. नाहीतर कीड सगळ्या राईत जाईल, असं त्याचं म्हणणं. गावकी द्विधा आहे.
— एक मानकरी, सिंधुदुर्ग

उत्तर : त्या सात झाडांची नावं विचारलीत का? मी पैज लावते, सगळी सरळ खोडाची असणार.

भुसा पाडणारा तो भिरूड. लांब मिशांचा भुंगेरा सालीच्या फटीत अंडी घालतो आणि अळी आत बोगदे पाडते. कलमांच्या बागेत तो झाड मारतो, आणि तिथे आपण तार घालून अळी ओढतो, भोकात औषधाचा बोळा कोंबून वर चिखल लिंपतो. पण भिरूड मुख्यतः आधीच थकलेल्या, जखमी झाडावर येतो. एक म्हातारा आंबा कापला नाही म्हणून शेजारचा सातवीण नि बेहडा भिरुडाने बसले, असं सहसा होत नाही, त्यांच्या किडी बहुतेक वेगळ्या. 'लागण' हा शब्द ठेकेदाराच्या तोंडी आला की आपण त्याच्या ट्रकचा नंबर टिपून ठेवावा.

वाळलेली फांदी कशावर आहे ते बघा. देवळाच्या छपरावर किंवा जत्रेला माणसं बसतात त्या पारावर असेल तर तेवढी फांदी जाणत्या माणसाकडून दोर बांधून उतरवा. रानाच्या अंगाला असेल तर पडेल तेव्हा पडेल. पडलेलं लाकूडही तिथेच राहू द्या. तुमच्या आज्याने देवराईतली काडीही चुलीला नेली नसेल, आणि त्यामागे भीती असली तरी परिणाम चांगलाच झाला. त्या कुजक्या लाकडावरच नवी रोपं रुजतात. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ हे शास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडले, तेव्हा बाहेर संपलेल्या कितीतरी वनस्पती त्यांना अशा न आवरलेल्या, पडझड झालेल्या रायांतच भेटल्या.

कायद्याचं म्हणाल तर सातबारा काढा. राई देवस्थानची, महसूलची की वनखात्याची, त्यावर परवानगी कोणाची ते ठरतं. खाजगी निघाली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहेच. ठेकेदाराने 'कागद मी बघतो' म्हटलं असेल तर कागद तुम्ही बघा.

गावकी द्विधा आहे म्हणता, तर तुमच्या रिवाजाप्रमाणे देवाला कौल लावा. मी विज्ञानाची मास्तरीण आहे, पण या एका बाबतीत तांदळाच्या दाण्यांवर माझा भरवसा आहे, कारण कौल लावायला गावाला जमायला लागतं, आणि गाव जमलं की त्या सात झाडांखाली जाऊन वर बघणारा एकतरी निघतोच. ठेकेदाराला तोवर चहा द्या. सोलकढी नको, ती घरच्यांसाठी.